कोटेशनं तीन, गच्ची एक

अगं, तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. यातलं स्वस्त कुठलं, असं विचारलंयस. खरं सांगू? या कागदांवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव दिलेत आणि वरती ‘तीन किलोवॅट सोलर सिस्टिम’ एवढंच सारखं लिहिलंय. म्हणून आज सवडीने सगळं लिहिते. तुझ्या अहोंनाही वाचायला दे, दोघांनी मिळून ठरवायची गोष्ट आहे ही.

पहिल्या कागदावर लाल ठळक आकडा आहे, ‘फक्त ९९,०००’. घरात सगळ्यांचे डोळे तिथेच थांबले असणार. त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘सबसिडी वजा जाता’ असं लिहिलंय, ते वाचलंस का? ती सबसिडी त्या माणसाच्या खिशातून येत नाही, ती तुझी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठी सिस्टिम घेतली तरी ७८,००० रुपये मिळतात. सिस्टिम बसली, नेट मीटर लागला, महावितरणची तपासणी झाली, की मग ही रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे काम करून घेताना पैसे तुम्हालाच पूर्ण उभे करायचे आहेत. त्या ९९,००० मध्ये ७८,००० मिळव. झाले १,७७,०००. ‘सबसिडी जमा झाली की आम्हाला द्या, तोवर एक चेक सही करून ठेवा’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हण.

त्याच कागदाच्या तळाला ‘जीएसटी वेगळा’ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि बसवणं असं एकत्र काम दिलं की ७० टक्के रक्कम सामानाची धरतात आणि ३० टक्के सेवेची. सेवेवर १८ टक्के लागतात. दोन्ही मिळून ८.९ टक्के होतात. कुणी तुला १३.८ टक्के लावून दाखवले, तर तो जुन्या दराचा हिशेब आहे, लगेच विचार. १,७७,००० वर ८.९ टक्के म्हणजे १५,७५३. आता त्याचा भाव १,९२,७५३ झाला. ‘मीटर व महावितरणचे चार्जेस प्रत्यक्षाप्रमाणे’ ही ओळ अजून शिल्लकच आहे.

दुसरा म्हणतो १,९५,०००, सगळं धरून. वरवर दोघांत दोन-सव्वादोन हजारांचा फरक. पण पहिल्याने ५४० वॅटचे सहा पॅनेल लिहिलेत, म्हणजे ३,२४० वॅट. दुसऱ्याने ५५० चे सहा, म्हणजे ३,३००. एकूण रकमेला वॅटने भाग. पहिल्याचा दर साडेएकोणसाठ रुपये पडतो, दुसऱ्याचा एकोणसाठच्या जरासा वर. म्हणजे ९९,००० वाला तुझ्याकडे आलेल्या तिघांतला स्वस्त नाहीच, आणि त्याचं स्ट्रक्चर कसलं आहे ते अजून आपण पाहिलेलंही नाही. तिसऱ्याचे २,२४,०००, पॅनेल तेवढेच, दर अडुसष्टच्या आसपास. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात २९,००० चं अंतर आहे. मला बोलायचंय ते मुख्यतः या २९,००० बद्दल.

त्याआधी पहिला माणूस जाता जाता ‘पाच किलोवॅटच घ्या ताई, बिलच येणार नाही’ म्हणाला होता ना, ते निकालात काढू. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. तू पाठवलेल्या बिलावरून मी बेरीज केली, वर्षाचे ३,९०० युनिट होतात. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो. कोकणात पाऊस चार महिने मुक्कामाला, त्यामुळे मी हात राखूनच धरते. तीन किलोवॅटमध्ये तुझं भागतं. मे महिन्यात जास्त बनलेले युनिट खात्यात जमा राहून पावसाळ्यात वळते होतात, पण हे खातं ३१ मार्चला मिटतं. तेव्हा उरलेल्या युनिटना महावितरण जो दर देतं तो तू वीज विकत घेतेस त्या दरापेक्षा बराच कमी असतो. पाच किलोवॅट घेतलेस तर सबसिडी ७८,००० वरच अडकलेली, वरच्या दोन किलोवॅटचे सगळे पैसे तुझे, आणि त्यातून निघालेली बरीच वीज पडत्या भावाने जाणार. बिल अगदी शून्य होत नाही, हेही सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव. स्थिर आकार लागतोच. विजेची शेगडी किंवा बॅटरीवरची स्कूटर येत्या वर्षभरात खरोखर घ्यायची असेल तर मात्र मला कळव, मग गणित पुन्हा मांडू.

आता गच्ची. तुझी गच्ची म्हणजे तुमच्या घरातली सगळ्यात कामाची जागा. एप्रिल-मेमध्ये तिथे कोकमं असतात, आंबोशी असते, फणसाची साटं असतात, सासूबाईंच्या कुरडया असतात. सहा पॅनेलची नुसती काच पावणेदोनशे चौरस फुटांच्या आसपास जाते, आजूबाजूची मोकळी जागा धरलीस तर तीनशे. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये स्ट्रक्चरची उंची पुढून दीड फूट आणि मागून तीन फूट आहे. म्हणजे दक्षिणेकडची, सगळ्यात चांगल्या उन्हाची जागा पंचवीस वर्षांसाठी गेली. तिसऱ्याने आठ फूट उंचीचं स्ट्रक्चर धरलंय, खालून सहज वावरता येईल असं. पॅनेलच्या खाली सावलीच राहणार, पण कडेची जागा मोकळी राहते, दोऱ्या बांधता येतात, टाकीकडे जाता येतं. २९,००० मधला मोठा वाटा या उंचीत आहे. कोटेशन वाचताना आपण पॅनेलची कंपनी बघतो, आणि लोखंडाला ‘स्टँडर्ड स्ट्रक्चर’ म्हणून सोडून देतो. पहिल्याच्या कागदावर नेमके हेच दोन शब्द आहेत, पुढे काही नाही.

पण उंच केलं की वारा लागतो, आणि तू दापोलीत आहेस. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुला मी काय सांगू, तुमच्या आळीतले पत्रे कुठे सापडले होते ते तूच मला फोनवर सांगितलं होतंस. सहा पॅनेलचं ते सपाट अंग वाऱ्यात वर उचललं जायला बघतं. म्हणून तिसऱ्याला विचार: खांब किती, कुठल्या मापाचे, किती जाडीचे, आणि किती वेगाच्या वाऱ्यासाठी हिशेब केलाय. हे त्याच्याकडून चित्रासकट कागदावर घे. जो हे रोज करतो त्याच्याकडे असं चित्र तयार असतं. ‘काही होत नाही ताई, आम्ही एवढी घरं केली’ हे उत्तर मला चालणार नाही, तुलाही चालू नये.

लोखंड कुठलं हेही. काळ्या लोखंडाला रंग मारलेलं स्ट्रक्चर देशावर कदाचित काही वर्षं काढेल, समुद्रापासून एवढ्या जवळ ते टिकणार नाही. तुला हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड हवं, म्हणजे तयार भाग वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, आणि जस्ताचा थर ८० मायक्रॉन असं लिहिलेलं. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आणि काम चालू असताना एक गोष्ट स्वतः उभी राहून बघ. मुलं गच्चीवर पाइप आणून कटरने कापतात. कापलेल्या टोकाला जस्त राहत नाही, उघडं लोखंड चकाकत असतं. पहिल्या पावसात गंज तिथूनच धरतो आणि आतल्या बाजूने वर चढतो, बाहेरून दिसतही नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाला झिंकचा लेप लावून घे, टोकांना टोपणं बसवून घे. पाच मिनिटांचं काम आहे, पण मालक बघत नसेल तर राहून जातं.

खांब गच्चीवर उभे कसे करणार, तेही विचारायचंय. स्लॅबला भोकं पाडून पट्ट्या ठोकल्या तर जूनमध्ये खालच्या खोलीत ओल उतरेल. काँक्रीटचे ठोकळे उभारून त्यात खांब धरणं मला अधिक पसंत आहे, आणि जिथे स्लॅबला हात लागतो तिथे वॉटरप्रूफिंग कोण करणार, गळलं तर कोण दुरुस्त करणार, हे लिहून घे. तिघांपैकी एकाच्याही कागदावर याचा उल्लेख नाही.

सावलीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे त्यांनीही काही विचारलं नसावं. तिघेही मार्चमध्ये, दुपारी गच्ची बघून गेले. मार्चमध्ये तुझ्या आठ फुटी टाकीची सावली दुपारी जेमतेम अडीच फूट पडते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तर ती पायाखालीच असते. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि तीच सावली भर दुपारी सात फूट उत्तरेकडे जाते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीच्या वर. शेजारच्यांचा माड आग्नेयेला आहे, त्याची झावळी सकाळची उन्हं अडवेल ते वेगळंच. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की बाकीच्यांच्या उत्पादनालाही झळ बसते. थंडीतलं स्वच्छ ऊन वाया जायला नको. म्हणून ‘डिसेंबरमध्ये सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली कुठे पडते ते दाखवा’ असं तिघांनाही सांग. मोबाइलवरही ते दाखवता येतं. टाकी हलवायला लागणार असेल तर तो खर्च आत्ताच कोटेशनमध्ये यायला हवा. आठ फुटी स्ट्रक्चरने टाकीचा प्रश्न बराचसा सुटतो, हा तिसऱ्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा. माडाचा मात्र सुटत नाही. आणि नारळ पडेल अशा टप्प्यात पॅनेल नकोच. वानरं तुमच्याकडे रोजची. ती टाकीवरून पॅनेलवर उडी मारतील, तेव्हा मध्ये अंतर राखायला सांग.

पॅनेलचं फार मनावर घेऊ नकोस, पण एक अट पक्की आहे. सबसिडी हवी तर पॅनेल ‘डीसीआर’ हवेत, म्हणजे पॅनेल भारतात बनलेला आणि त्यातले सेलही भारतात बनलेले. परदेशी सेल वापरून इथे जोडलेले पॅनेल स्वस्त मिळतात, पण त्यावर सबसिडी नाही. मोठमोठ्या कंपन्या दोन्ही प्रकारचे पॅनेल बनवतात, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव वाचून काही कळत नाही. पहिल्याने ‘नामांकित कंपनीचे’ एवढंच लिहिलंय. कंपनी, मॉडेल नंबर, वॅट, आणि डीसीआर हा शब्द, चारही कोटेशनवर हवेत. माल आला की प्रत्येक पॅनेलच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेव. पंचवीस वर्षांची वॉरंटी सगळेच सांगतात. ती उत्पादन अमुक टक्क्यांच्या खाली जाणार नाही याची असते. पॅनेलमध्ये बनावटीचा दोष निघाला तर त्याची वॉरंटी वेगळी, बहुधा दहा-बारा वर्षांची. दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहून घे.

इन्व्हर्टर दुसऱ्याने आठ वर्षांच्या वॉरंटीचा दिलाय, तिसऱ्याने दहा. ठीक आहेत दोन्ही. पॅनेलच्या मानाने लवकर बिघडणारी वस्तू हीच, म्हणून दुरुस्तीचं केंद्र रत्नागिरीत आहे की पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, हे वर्षांपेक्षा महत्त्वाचं. सबसिडी मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत जो आकडा लहान तो धरतात, म्हणून इन्व्हर्टर पूर्ण तीन किलोवॅटचा आहे ना, ते बघ. तुझ्या कोटेशनांत तो तसा आहे.

तू लिहिलंयस, ‘आता पावसात लाइट गेली तरी चिंता नाही.’ हे तुला कुणी सांगितलं असेल तर अर्धवट सांगितलं. बॅटरीशिवायची ही सिस्टिम महावितरणच्या लाइनला जोडलेली असते. लाइट गेली की तीही स्वतःहून बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. तसं व्हायलाच हवं. खांबावर चढलेल्या वायरमनला तुझ्या गच्चीवरून उलटा करंट जायला नको. बॅटरीसकटची हायब्रिड सिस्टिम मिळते, पण तिचा खर्च बराच वाढतो. माझं मत विचारशील तर घरातली आत्ताची इन्व्हर्टर-बॅटरी दोन पंखे आणि दिव्यांसाठी तशीच राहू दे. सासूबाईंना मात्र हे आधी समजावून सांग, नाहीतर जुलैत पहिल्यांदा अंधार झाला की सगळे तुझ्याकडे बघतील.

अर्थिंगचं थोडक्यात: तीन वेगळे खड्डे हवेत. एक पॅनेल आणि स्ट्रक्चरला, एक इन्व्हर्टरच्या बाजूला, एक लायटनिंग अरेस्टरला. दुसऱ्याच्या कागदावर लायटनिंग अरेस्टर दिसतच नाही. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात तुमच्याकडे विजा कशा कडाडतात! ते वगळून चालणार नाही. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर तांब्याची, सोलरसाठीच बनवलेली, पाइपातून नेलेली. उघड्यावर सोडलेली वायर उन्हाने तडकते आणि उंदीर कुरतडतात.

पैसे देण्याच्या बाबतीत तिसरा जरा घाईचा वाटला. ऐंशी टक्के आगाऊ मागतोय. ऑर्डरला थोडे, माल गच्चीवर पोचल्यावर आणि मोजून घेतल्यावर मोठा हप्ता, आणि निदान दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागून सिस्टिम चालू होईपर्यंत हातात, असं त्याला सांग. पॅनेल चढवून झाले की माणसांचे पाय दुसऱ्या साइटकडे वळतात आणि मीटरचे कागद पडून राहतात. आमच्या कॉलनीत एकांकडे पॅनेल दिवाळीआधी बसले आणि नेट मीटरसाठी होळी उजाडली, कारण बसवणाऱ्याला शेवटचा पैसाही आधीच मिळून गेला होता. कर्ज काढायचं झालं तर सरकारी बँका या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय दोन लाखांपर्यंत देतात, योजनेच्या पोर्टलवरूनच अर्ज होतो. सोनं गहाण ठेवण्याचा विचार डोक्यातून काढून टाक.

जो मुलगा तुझ्याकडे आला त्याचं कार्ड आणि कोटेशनवरचं नाव वेगळं आहे, हे पहिल्याच्या बाबतीत माझ्या लक्षात आलं. गावोगावी असे मधले लोक असतात, काम ते आणतात आणि नोंदणी दुसऱ्याच कुणाची असते. त्यात गैर काही नाही, पण योजनेच्या पोर्टलवरच्या विक्रेत्यांच्या यादीत ज्याचं नाव आहे, करार त्याच्याशीच व्हायला हवा. पाच वर्षं देखभाल करायची जबाबदारी त्याच्यावर आहे. कराराचा नमुनाही पोर्टलवरच आहे. शिवाय तिघांकडेही दापोली-हर्णैच्या बाजूचं, निदान तीन पावसाळे काढलेलं एक घर मागून घे आणि तिथे जाऊन ये. बोल्ट बघ, खांबाचा पाया बघ, आणि घरच्या बाईला विचार की फोन केल्यावर माणूस किती दिवसांनी आला.

माझा कल विचारशील तर तिसऱ्याकडे आहे. तो महाग वाटतोय कारण त्याने लोखंडाचे आणि अर्थिंगचे पैसे लपवले नाहीत. पण वाऱ्याचा हिशेब, गळतीची जबाबदारी आणि पैशांचे हप्ते हे तिन्ही लेखी आल्याशिवाय सही नको. दुसऱ्यालाही एक संधी दे. आठ फुटी गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर, लायटनिंग अरेस्टर आणि तीन अर्थिंग धरून नवा भाव दे म्हणावं. तो आकडा आला की दोघांची तुलना खरी होईल. तो २,१५,००० च्या आत आला तर तिसऱ्यालाही थोडं खाली यावं लागेल. पहिल्याला ‘नको’ असं सांगून टाक, त्याचाही वेळ जायला नको.

आणि हे सगळं होईपर्यंत एक काम मात्र याच आठवड्यात कर. वीजबिलावर अजून मामंजींचं नाव आहे. त्यांना जाऊन एवढी वर्षं झाली, कुणाचं लक्षच गेलं नाही. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि सबसिडी खात्यात येताना नावं जुळावी लागतात. महावितरणच्या ऑफिसात नाव बदलाचा अर्ज टाका. घर अजून सामाईक आहे, तेव्हा मुंबईच्या चुलत दिरांशी गच्चीबद्दल फोनवर बोलून भागवू नका, त्यांची संमती सहीनिशी घ्या. ते गणपतीला येतील तेव्हा बघू म्हणालात तर पाडवा काय, दिवाळीही निघून जाईल. कागद कुरिअरने पाठवा. दुसऱ्याचं नवं कोटेशन आलं की लगेच मला फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे.